काचेची जाडी

लिफ्ट अधूनमधून बंद पडते आणि सुनीतीबाई चिडतात, या दोन गोष्टी कोथरूडच्या त्या सोसायटीत नव्याने राहायला येणाऱ्याला आधीच सांगितल्या जात. लिफ्ट का बंद पडते यावर सभा झाल्या होत्या. सुनीतीबाई का चिडतात, हे कुणी विचारलं नव्हतं.

तरुणपणी त्या टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये, परगावचे फोन जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या. ज्यांची तोंडं कधी दिसायची नाहीत अशा माणसांचे आवाज दिवसभर कानात. सोलापूर लागत नाही म्हणून लोक शिव्या द्यायचे, आणि त्यांनी म्हणायचं, ‘कृपया थांबा, प्रयत्न चालू आहे.’ गोड आवाजात. आवाज जरा चढला की सुपरवायझर खुर्चीमागे येऊन उभी राहायची. घरी आल्यावर सासूबाई म्हणत, ‘दिवसभर बसून तर असतेस.’ तिथेही आवाज चढवायचा नव्हता. गिळलेला राग पचतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो कधी गिळलेला नसतो.

निवृत्तीनंतर तो वर आला. दूधवाल्यावर, जिन्यात चपलांचा ढीग करणाऱ्यांवर, टीव्हीवरच्या बातम्यांवर आणि सगळ्यांत जास्त श्रीनिवासरावांवर. रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, ‘घरात मासे ठेवा. बघत बसा. मन शांत होतं.’

श्रीनिवासराव, म्हणजे त्यांचे यजमान, रस्ते-पुलांच्या खात्यातले निवृत्त इंजिनिअर. त्यांनी एकट्यानेच जाऊन टँक आणला आणि खिडकीपाशी ऊन येतं तिथे ठेवला. ‘उन्हात शेवाळ धरेल,’ असं सुनीतीबाई म्हणाल्या, तेव्हा ते म्हणाले, ‘उजेडात मासे छान दिसतात.’

मासे बघून सुनीतीबाई शांत वगैरे झाल्या नाहीत. पण मासे त्यांना आवडले. तोंडं सारखी हलताहेत आणि आवाज नाही, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. त्या तासन्‌तास समोर बसत. त्या वेळात त्यांना कुणी काही सांगत नसे आणि त्यांना कुणाला ‘थांबा’ म्हणावं लागत नसे.

पावसाळा संपला आणि त्यांचा उजवा खांदा धरला. हात वर जाईना, त्यामुळे टँकमध्ये घालून काच घासता येईना; डावा घालून वाकायचं तर उजव्याने आधार धरवत नसे. श्रीनिवासरावांना त्या पाण्याची किळस यायची. दिवाळीपर्यंत काच हिरवी झाली. मासे आत आहेत की नाहीत, हे दाणे टाकल्यावरच कळे.

एका सकाळी श्रीनिवासराव पेपरच्या आडून म्हणाले, ‘अगं, दीनानाथला सांगितलंय मी. रविवारी येऊन टँक घेऊन जाईल.’

दीनानाथ तळमजल्यावर राहत.

‘कुठला टँक?’

‘घरात कितीक आहेत? हॉलमध्ये डबकं झालंय नुसतं. आणि तुझं प्रेशर काही उतरलेलं नाही.’

‘म्हणजे मी शांत व्हावं म्हणून मासे आणलेत आणि शांत झाले नाही म्हणून परत करताय? मी काय मिक्सर आहे, गॅरंटीत बदलून द्यायला?’

‘बघ. चिडलीस.’

हे एक बरं होतं. राग आला की तोच त्यांच्याविरुद्धचा पुरावा.

हात पाण्यात न घालता काच घासायचं मॅग्नेट मिळतं, हे त्यांना माहीत होतं. एक तुकडा आत, एक बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला मागोमाग फिरतो आणि शेवाळ निघतं. काच जाड असेल तर मॅग्नेट जोरकस लागतं, म्हणून शनिवारी त्यांनी डाव्या हाताने झाकण उचललं, काचेच्या कडेवर पट्टी ठेवली आणि माप घेतलं. आठ मिलिमीटर. मग नारायण पेठेतल्या दुकानात निघाल्या. रिक्षाने जाणार होत्या, पण ‘काच साफ झाली तर ठेवू, नाहीतर दीनानाथ नेईल,’ म्हणत श्रीनिवासरावांनी स्कूटर काढली.

‘काच केवढी?’ दुकानदाराने विचारलं.

‘आठ,’ सुनीतीबाई म्हणाल्या.

‘सहा,’ श्रीनिवासराव म्हणाले. ‘टँक मी आणलाय.’

‘मी मोजलीय, अहो.’

‘पट्टी तिरकी धरली असशील. आयुष्यभर मापंच घेतलीत मी.’

दुकानदार आता श्रीनिवासरावांकडे वळला. ‘काका, हे तरंगणारं घ्या. सुटलं तर आतला तुकडा आपोआप वर येतो. साधं तळाला जातं, मग हात घालावा लागतो. शिवाय खडा अडकला की काचेवर ओरखडे.’

‘सुटेल कशाला? साधंच द्या. सहाचं.’

‘आठ!’ सुनीतीबाई इतक्या जोरात ओरडल्या की दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघू लागली आणि शेजारच्या पिंजऱ्यातले लव्हबर्ड गप्प झाले. ‘आठ आहे! काच मी मोजलीय, मासे मी बघते, शेवाळ मी काढणार!’

‘काकू, चिडू नका,’ दुकानदार म्हणाला. ‘शांत व्हा. काका म्हणतायत ना.’

आणि त्या गप्प झाल्या. खुर्चीमागे कुणी येऊन उभं राहावं तशा. श्रीनिवासरावांनी सहाचं साधं घेतलं. परतताना स्कूटरवर त्या मागची दांडी धरून बसल्या. पुढे धरायचा खांदा होता, तो त्यांनी धरला नाही.

रविवारी दीनानाथ रिकामी बादली घेऊन आले तेव्हा सुनीतीबाई डाव्या हाताने काच घासत होत्या. मॅग्नेट वीतभर सरकलं आणि आतला तुकडा सुटून तळाच्या खड्यांत पडला. काचेवर तेवढाच एक स्वच्छ पट्टा. त्यातून एक मासा बाहेर बघत होता.

‘काय श्रीनिवास, नेऊ ना?’ दीनानाथांनी विचारलं.

‘ने, ने.’

‘दीनानाथ भावजी,’ सुनीतीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. दीनानाथांना तो चढलेला चालला असता. ‘टँक कुणाचा आहे, हे तुम्ही यांना विचारताय. मला विचारा.’

‘वहिनी, तुमचाच की. मला हा म्हणाला, तुम्हाला नकोय.’

‘मला हवाय. बादली खाली तुमच्या घरी ठेवून या आणि चहाला या, नाहीतर येऊ नका.’

दीनानाथ बादली घेऊन गेले. चहाला आले नाहीत.

श्रीनिवासराव म्हणाले, ‘चारचौघांत अपमान केलास माझा.’

‘एकच होते. दुकानात जास्त होते.’ त्यांनी झाकण पूर्ण उघडलं. ‘बाही वर करा.’

‘काय?’

‘सहा म्हणालात ना? सुटलंय. काढा. माझा हात जात नाही.’

‘अगं, त्या पाण्यात...’

‘काढा. खडे अडकले असतील, नळाखाली धुवा. उद्या दुकानात जाऊ. तिथे तुम्ही तोंड उघडायचं नाही.’

ते उभे राहिले. मग त्यांनी घड्याळ काढलं, बाही कोपराच्या वर गुंडाळली आणि चेहरा दुसरीकडे वळवून हात पाण्यात घातला. दाणे आले असं समजून मासे त्या हाताभोवती जमले आणि बोटांना, हातावरच्या केसांना तोंडं लावू लागले. श्रीनिवासराव दचकले, मग स्तब्ध झाले. हात तसाच आत राहिला.

‘अगं, हे बघ,’ ते हळूच म्हणाले, ‘घाबरत नाहीत.’

‘मासे मी रोज बघते,’ सुनीतीबाई म्हणाल्या. ‘मॅग्नेट काढा.’