ओळ वाढवायचं बटण

सेलूचा कैलास माझा चुलतभाऊ. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि शेतीची कामं लॅपटॉपवर एका प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवतो. तो प्रोग्रॅम अगदी साधा. चित्रं नाहीत, रंग नाहीत, एक काम म्हणजे एक ओळ. मी त्याची पोटभर थट्टा केली. मेथीच्या जुड्या बांधायला कॉम्प्युटर लागतो काय, असं चारचौघांत विचारलं. तो नुसता हसायचा.

मग त्याच्या बायकोच्या, मंदाच्या, दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी वर्ध्याला डायलिसिस सुरू झालं. सुईला मंदा फार भ्यायची, म्हणून कैलास तिचा मोकळा हात आपल्या उजव्या हातात धरून बसून राहायचा. मांडीवर लॅपटॉप, आणि कामाला उरलेला डावा हात.

अडचण अशी की ओळ खालीवर करायची तर दोन्ही हातांनी बटणं दाबावी लागत. कैलासनं तो प्रोग्रॅम बनवणाऱ्या परदेशातल्या माणसाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, हे डाव्या हाताच्या बटणांवर आणा. त्यानं आणलं. मग काम पुढच्या तारखेवर ढकलायचं बटण मागितलं, तेही मिळालं. डायलिसिस उरकलं की ‘मंदाले दवाखाना’ ही ओळ तो पुढच्या वारावर ढकलायचा. एका हाताचा हट्ट कशासाठी, हे मात्र त्यानं त्या माणसाला सांगितलं नाही. सांग की, म्हटलं, तर बायकोचं दुखणं काऊन दाखवत फिरू, म्हणाला.

पोळ्याच्या आठवड्यात मंदा गेली. ‘मंदाले दवाखाना’ ही ओळ पुढच्या मंगळवारावर तशीच होती. ती काढायला दोनच बटणं होती, एक ‘झालं’ आणि एक ‘पुसा’. कैलासला दोन्ही दाबवेना. बाकीची कामं त्या ओळीखाली साचत गेली, वांगी झाडावरच पिवळी पडली. तो लॅपटॉप उघडायचा आणि बघत बसायचा. मला त्याची भीती वाटायला लागली.

शेवटी त्यानं तिसरं बटण मागितलं, ‘वाढवा’. समोरच्याला कळेना. ओळ लांब करायची का, असं त्यानं विचारलं. कैलासनं लिहिलं, आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दुकानसुद्धा बंद करत नाहीत, वाढवतात. ओळ समोरून जावी, पण पुसली जाऊ नये. आणि पहिल्यांदाच त्यानं मंदाचं सगळं लिहिलं.

बटण आलं. पण चुकून दाबलं जाऊ नये म्हणून त्या भल्या माणसानं ते कीबोर्डच्या दोन टोकांच्या बटणांवर ठेवलेलं, एकदम दाबायला दोन्ही हात लागतील असं. मी भडकलो. एवढं वाचून याला इतकंही कळू नये? पुन्हा लिही, म्हटलं, एका हाताचं करून माग.

“राहू दे, दादा,” कैलास म्हणाला. “आता दोन्ही हात मोकळेच हायेत.”

आणि त्यानं दोन्ही हातांनी ती ओळ वाढवली.