शेवंती उपटली, मेथी लावली

साखऱ्याला आमचं घर म्हणजे पुढे शेळ्या आणि मागे आम्ही. पाऊस मोठा झाला की शेळ्या आत यायच्या आणि आम्ही ओसरीवर निजायचो. रान कोरडवाहू. पिकलं तर ज्वारी, नाही तर शेळ्यांच्या जिवावर वर्ष काढायचं. घरात वाचता येणारं माणूस नव्हतं. मी दहावी पास झाले तेव्हा बाबांनी गुणपत्रिका गावातल्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा फक्त माझं नाव. पुढचं शिकायचं तर हिंगोलीला जायला हवं होतं. भावकीतले म्हणाले, "पोरीला शिकवून काय कलेक्टरीण करून राहिला का?" आई म्हणाली, "कलेक्टरीण न्हाई झाली तर न्हाई. बारावी तर व्हईल." बाबा शेळ्यांपाशी राहिले आणि आम्ही मायलेकी खोली शोधायला निघालो.

खोली कोणी देईना. आईचं लुगडं आणि डोक्यावरचं गाठोडं पाहूनच लोक म्हणायचे, "आत्ताच गेली, बाई." संध्याकाळ होत आली तेव्हा एका फाटकाशी थांबलो. आत एक उंच, हडकुळी बाई पदर खोचून गुलाबाला आळं करत बसली होती. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. त्या वत्सलाकाकू. त्यांनी गाव विचारलं नाही की जात विचारली नाही. वर बघून एवढंच म्हणाल्या, "आडाचं पाणी शेंदता येतं का?"

आई म्हणाली, "त्यातच जलम गेला की."

"मग मागची खोली तुमची. माझ्या खांद्यात आता जोर राहिला नाही, आणि हे गुलाब काही माझं वय बघत नाहीत."

काकूंचे यजमान तहसिलीत कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. नांदेडला एक धाकटी बहीण होती, कुसुम, तीही एकटीच. काकूंची एक लकब आम्हाला लवकरच कळली. कोणाचं म्हणणं पटलं नाही की त्या मान हलवून म्हणायच्या, "बराबर आहे." आणि करायच्या नेमकं उलटं. दूधवाला म्हणाला, काकू, म्हैस आटली, दूध पातळच येणार. काकू म्हणाल्या, "बराबर आहे," आणि दुसऱ्या दिवसापासून दुसरा दूधवाला.

मी बारावीत गेले त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कुसुममावशी न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजारणी आलटूनपालटून भाकरी देत होत्या, पण असं किती दिवस चालणार? काकूंनी ठरवलं की घर विकायचं आणि बहिणीपाशी कायमचं राहायचं. फाटकावर पाटी लागली, "घर विकणे आहे." त्या दिवसापासून फाटकाची कडी वाजली की मी पुस्तक टाकून दाराशी यायचे. माझी परीक्षा फाल्गुनात होती. घर आधी गेलं तर आम्ही कुठे जाणार? खोली मिळवताना काय हाल झाले होते ते मी विसरले नव्हते.

काकूंचा पुतण्या वसमतहून आला. आम्हाला ऐकू जाईल अशाच आवाजात तो म्हणाला, "काकू, आधी मागच्यांना काढा. भाडेकरू असलेलं घर कोणी घेत नाही. एकदा बसला की कोर्टातूनच उठतो, असं लोकांच्या डोक्यात असतं."

"बराबर आहे," काकू म्हणाल्या.

आईने माझा हात दाबला. आम्ही दोघी जरा हसलो, पण ते हसू काही टिकलं नाही, कारण पुतण्याचं म्हणणं खरंच होतं. गिऱ्हाईक यायचं, पुढची खोली बघायचं, आड बघायचं आणि मागे आमची चूल दिसली की परत फिरायचं. तेव्हा काकूंनी बाग हाती घेतली. आईला म्हणाल्या, "तुम्हाला तर मी उठवत नाही. मग पुढचं अंगण असं करू, की मागं काय आहे याचा लोकांना विसरच पडला पाहिजे." नर्सरीतून शेवंतीची रोपं आली. झेंडू लागला. पायवाटेला दोन्हीकडून विटा लावून चुना दिला. बाबा बाजाराच्या दिवशी यायचे ते जीपच्या टपावर लेंडीखताचं पोतं घेऊन. ते खाली घेताना जीपवाला दर वेळी ओरडायचा, "पाटील, पुढच्या टायमाला शेळ्याच आणा, निदान त्या आपल्या पायांनी तरी उतरतील!"

ज्या बागेमुळे आमची खोली जाणार, तिलाच आमच्या शेळ्यांचं खत आणि आईने शेंदलेलं पाणी. बाबा एकदा म्हणाले, "आपण आपल्याच पायाखालचं उकरून राहिलो." आई म्हणाली, "त्या बाईनं आपल्याला उठवलं न्हाई. आपण तिला काहून अडवायचं?"

बाग अशी फुलली की रस्त्याने जाणारे सायकल थांबवून बघायचे. पण घर काही विकेना. चार जण येऊन गेले. एकालाही मागच्या खोलीचं काही वाटलं नाही, तरी व्यवहाराचं बोलायला कोणीच आलं नाही. शेवटी कारण कळलं ते आडावर. आदल्या दिवशी घर बघून गेलेली एक बाई एकटीच परत आली आणि आईच्या कानाशी लागली, "खरं सांगा, घरात काय हाय? एवढा जीव लावलेली बाग सोडून बाई चालली, म्हणजे काही तरी असल्याबिगर? रात्री काही दिसतं का?"

मी दारात पुस्तक घेऊन बसले होते. आईने नुसतं "व्हय" म्हटलं असतं तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत अख्ख्या हिंगोलीत गेली असती आणि आमची खोली वर्षभर तरी वाचली असती. आईने पोहरा वर ओढला, कळशी भरली आणि म्हणाली, "घरात आमी हाओत. दुसरं काही न्हाई."

काकूंना आईने ते जसंच्या तसं सांगितलं. काकू ओट्यावर बसून खूप हसल्या. त्या दिवशी रविवार होता. दर रविवारी त्या मला घेऊन एसटीडी बूथवर जायच्या. नांदेडला शेजाऱ्यांचा फोन होता आणि ते लोक तो कुसुममावशींच्या खाटेपर्यंत ओढून न्यायचे. पलीकडचा बारीक आवाज मलाही ऐकू यायचा, "कधी येतीस गं, ताई?" काकूंचं उत्तर ठरलेलं, "आठ दिवसांत." त्या दिवशी पलीकडून नुसतं हुंदक्यासारखं काही तरी ऐकू आलं. आम्हाला उठवलं असतं तर पहिल्याच गिऱ्हाइकाला घर गेलं असतं; माझ्या परीक्षेपायी ती बाई तिकडे खाटेवर एकटी मरेल, हा विचार माझ्या डोक्यात बसला तो पुस्तक उघडलं तरी उठेना.

सकाळी उठले तर काकू अंगणात शेवंती उपटत होत्या. फुललेली, पिवळीजर्द शेवंती.

"काकू, हे काय?"

"फुलं बघून लोक घाबरतात, संगे. मेथी बघून कोणी घाबरत नाही. ज्या घरात मेथी-कोथिंबीर आहे तिथं भूत कशाला राहील? फावडं आण."

मेथी आली, कोथिंबीर आली, वांग्याला फुलं धरली. माघात नरसीचं एक जोडपं आलं. तिथं देवळाच्या रस्त्याला त्यांचं प्रसादाचं दुकान होतं आणि पोरांच्या शाळेसाठी त्यांना हिंगोलीत यायचं होतं. नवऱ्याने घर बघितलं. बायको सरळ वाफ्यापाशी जाऊन बसली. "काकू, ही वांगी आमची का तुमची?"

"रजिस्ट्रीपर्यंत माझी."

बाई हसली. मग विचारलं, "विकता काहून?" काकूंनी बहिणीचं सगळं सांगितलं. बाईला ते पटलं. पण नवरा मागची खोली बघून आला तो अडून बसला. "ही आजच्या आज मोकळी पाहिजे. मंग बोलू."

या वेळी काकू "बराबर आहे" म्हणाल्या नाहीत. "पोरीचा शेवटचा पेपर झाला की सगळ्या घराची किल्ली तुमच्या हातात. त्याच्या आधी नाही. तोपर्यंत मीही इथून हलत नाही."

"आन् त्या निघाल्याच न्हाईत तर?"

आई पदर डोक्यावर घेऊन पुढे आली. "दादा, आमाला आमचं घर हाये, शेळ्या हायेत. लेकराच्या परीक्षेसाठी बसलो. पेपर झाला का माझं गाठोडं तुमीच उचलून द्या."

तो काही बोलायच्या आत त्याची बायको म्हणाली, "अहो, आपण बी लेकरांसाठीच येऊन राहिलो ना?" आणि तिने जुडीभर मेथी खुडायला घेतली.

सौदा ठरला, पण पेपर संपेपर्यंतचे दिवस सरता सरेनात. कुसुममावशींना मधेच ताप चढला. काकू दोन दिवस नांदेडला जाऊन आल्या, उतरलेल्या चेहऱ्याने. मी विचारलं, "कशा आहेत?" म्हणाल्या, "तू भूगोल वाच." शेवटच्या पेपराहून आले तेव्हा काकूंची ट्रंक फाटकाशी होती आणि नरसीचा दुकानदार आईचं गाठोडं खरोखरच उचलत होता. किल्ली देऊन काकू पहिल्या मिळेल त्या बसने गेल्या.

कुसुममावशी त्या दुखण्यातून उठल्या. पुढे मी नांदेडला मुलींच्या वसतिगृहात राहून कॉलेज केलं. रविवारी दोघींकडे जेवायला जायचे. मावशी काठी आपटून म्हणायच्या, "तुझ्यापायी चार महिने मी आढ्याकडे बघत पडले. नापास झाली असतीस तर दारात उभी केली नसती!" काकू ताटात वाढत राहायच्या.

काकू गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. मावशी त्यांच्या आधी गेल्या, ताईच्या मांडीवर. काकूंनी घर विकलं, बहिणीला शेवटपर्यंत सांभाळलं आणि आम्हाला एक दिवसही रस्त्यावर येऊ दिलं नाही. मी बारावी झाले, बी.ए. झाले. आमच्या भावकीतली मी पहिली पदवीधर.