उसनी पापं

न केलेल्या पापांचा मी भर चर्चमध्ये पश्चात्ताप केला. तोही, जिच्याशी माझं लग्न ठरत होतं तिचे वडील पुढच्या बाकावर बसलेले असताना.

शरणपुरातल्या आमच्या मंडळीत प्रभुभोजनात सामील होण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यावी लागे. पाप कोणतं, पश्चात्ताप कसा झाला, विश्वास कुणावर. साक्षीशिवाय तिचे वडील होकार देणार नव्हते. माझी पंचाईत अशी, की सांगण्याजोगं पापच माझ्याकडे नव्हतं. नाशकातल्याच द्वारका चौकात सायकलच्या दुकानात गिऱ्हाइकांना थापा मारायच्या, घरी येऊन आईवर खेकसायचं. यावर कोण रडणार? आदल्या रविवारी मालेगावच्या एका ट्रक ड्रायव्हरनं दारू-जुगाराची साक्ष देऊन बायकांचे पदर ओले केले होते. पाप जेवढं मोठं तेवढं तारण मोठं, असं मी धरून चाललो आणि त्याची दारू उचलली. जुगारही घेतला.

"मी रोज पीत होतो," मी म्हणालो.

कुणीच रडलं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता. बायकांच्या बाजूला तिनं मान खाली घातली. तिच्या वडिलांनी गीतांचं पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. ते उठले असते तर लग्नही मोडलं असतं.

पाळकसाहेब खाली उतरून जवळ आले. "कुठं प्यायचास रे?"

मला नाशकातला एकही गुत्ता माहीत नव्हता.

"साहेब, खोटं बोललो."

"कधी?"

"आत्ताच. खरी पापं फार किरकोळ वाटली."

"देवाच्या घरात उभं राहून खोटं बोललास, हे किरकोळ?"

मग थापांचं सांगितलं. आईचं सांगताना नजर जमिनीवर ठेवली. ती मागे बसली होती.

"आता विश्वास कुणावर?"

"माझ्यावर तर माझाच उरला नाही, साहेब. प्रभूनं पदरात घेतलं तरच."

"तारण एवढ्यानंच होतं, बाबा. पापाचं माप कुणी विचारत नाही," ते म्हणाले आणि तिच्या वडिलांकडे पाहू लागले.

ते पिशवी घेऊन उभे राहिले.

"दारुडा असता तर एखाद दिवशी दारू सुटली असती," ते म्हणाले. "हा जन्मजात बावळट आहे. पण पोरीला हाच हवाय. घ्या याला सामील करून, अन् लग्नात शपथेपलीकडे एक शब्द बोलू देऊ नका."