मास्तराची भूमिका

लातुरात क्लास चालवणारे देविदास सर पोरांना मार्कांप्रमाणे बसवायचे आणि शेवटच्या बाकाला सरळ 'भंगार' म्हणायचे. वीस वर्षांत त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एका रविवारी पोरांवरच्या अभ्यासाच्या ताणाबद्दल आधी नाटक आणि मग चर्चा ठेवली होती. सर वक्ते म्हणून पहिल्या रांगेत बसले होते. नाटकातला मास्तर मागच्या बाकावर खडू फेकून ओरडला, "ए भंगार, ऊठ!" लोक खळखळून हसले. सरांचे कान तापले. मिशी लावून मास्तर झालेली ती पोरगी त्यांनी ओळखली. चार वर्षांपूर्वी अर्ध्यातच क्लास सोडून गेलेली अयोध्या होती ती.

चर्चेत सरांनी घरून लिहून आणलेलं, 'मुलांना समजून घ्या' असं सांगणारं भाषण मान खाली घालून वाचलं. टाळ्याही पडल्या.

बाहेर अयोध्यानं त्यांना वाकून नमस्कार केला.

"घोर करू नका सर," ती हळूच म्हणाली. "मी तुमचं नाव कुणालाच सांगितलं न्हाई."

सरांना माफी मागायची होती.

"बरं केलंस," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. ती गेली, तरी आपण हे काय बोललो म्हणून सर कितीतरी वेळ तिथंच उभे होते.