नोंद नसलेली बहीण

तो फोन मी अजून विसरलेलो नाही. त्या वेळी मी दारव्हा भागात एका ठाण्याचा ठाणेदार होतो. भरदुपारी ठाण्याचा फोन वाजला. "बोरी अरब गावाले एका घरी सहा वर्षांची पोरगी आणली आहे. तिले कामाले लावतात, मारतात," एवढेच सांगून पलीकडून फोन ठेवला गेला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत नोंद घेतली: आवाज बाईचा वाटला, नाव सांगितले नाही.

चौकशी केली तेव्हा कळले की ती मुलगी बालगृहातून आलेली होती. अनाथ मुलांना संस्थेत न ठेवता एखाद्या कुटुंबात वाढवायचे, ही व्यवस्था तेव्हा आमच्याकडे नवी होती. मूल दत्तक जात नाही. बाल कल्याण समिती कुटुंबाची तपासणी करते आणि मूल त्यांच्याकडे सांभाळायला देते. मला स्वतःला हे पटत नव्हते. परक्याचे मूल कोणी कशाला सांभाळेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आधीपासूनच होता, आणि आधीपासून शंका असलेला पोलीस जे शोधायला जातो तेच त्याला सापडते.

साध्या वेशात, महिला शिपायाला बरोबर घेऊन मी त्या घरी गेलो. सोयाबीन आणि तुरीची शेती असलेले, चाळिशीतले जोडपे होते. मुलगी ओसरीवर बाईजवळ बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्या कोपराला खरचटले होते. "कोणी मारले?" मी विचारले. ती बाईच्या पदराआड गेली. शेजाऱ्याने हळूच सांगितले, "कामालेच आणली असंन साहेब."

मला तेवढे पुरेसे वाटले. मी अहवाल पाठवला आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत मुलीला परत बालगृहात ठेवण्याचा आदेश समितीने दिला. मुलीला आणायला आम्ही सरकारी गाडी घेऊन गेलो. तिने बाईचा हात सोडला नाही. एकेक बोट सोडवावे लागले.

"साहेब, आमचं काय चुकलं तेवढं तर सांगा," बाई म्हणाली. चौकशी सुरू आहे, असे मी म्हणालो.

बालगृहाच्या आवारात गाडी थांबताच सगळ्या मुली धावत आल्या. "काहून आली वं परत? त्याइनं हाकललं का तुले?" प्रत्येकीच्या तोंडी हाच प्रश्न. बारा वर्षांची एक मुलगी मात्र काहीच विचारत नव्हती. तिने छोटीला कडेवर घेतले, आत नेले आणि तिची वेणी घालायला बसली. तिला अजिबात आश्चर्य वाटले नव्हते. नोकरीत एक गोष्ट शिकलो होतो: ज्याला बातमीचे आश्चर्य वाटत नाही, त्याला ती आधीच माहीत असते.

फोनचा नंबर मी आधीच तपासायला हवा होता. आता तपासला. तो बालगृहातल्या मुली ज्या शाळेत जात त्या शाळेच्या कार्यालयातला निघाला.

दुसऱ्या दिवशी बालगृहाच्या अंगणात, अधीक्षिका आणि महिला शिपाई यांच्यासमोर मी त्या मोठ्या मुलीशी बोललो. लहान मुलांना ठाण्यात बोलावून जबाब घेत नाहीत. मी आवाज चढवला नाही. शाळेचे विचारले, जेवणाचे विचारले, मग म्हणालो, "बोरी अरबच्या घरी छोटीला कोण मारायचे?"

ती पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली.

"कोनी नाही मारत तिले. फोनवर मी खोटं बोलली."

"का?"

"ती माही बहीण हाये साहेब. सख्खी. मी कितीदा सांगतलं, कोनी आयकतच नाही."

अधीक्षिका कपाळाला हात लावून म्हणाल्या, "साहेब, इथे सगळ्याच पोरी एकमेकींना बहीण म्हणतात. रजिस्टरला तसे काही नाही." त्या खोटे बोलत नव्हत्या. दोन्ही फायली मी पाहिल्या. मोठी मुकुटबनहून सरपंचाच्या पत्रावर आलेली, बापाच्या आडनावाने. छोटी त्याच महिन्यात दवाखान्यातून आलेली, वेगळ्याच आडनावाने. गाव लिहिलेच नव्हते. कागदावर दोघी परक्या होत्या. म्हणून एक कुटुंबात गेली आणि दुसरी मागे राहिली.

मी जबाब लिहून घेऊन फाईल बंद करू शकलो असतो. तक्रार खोटी निघाली होती आणि छोटीला परत पाठवता आले असते. पण या मुलीने हेच सांगण्याचा किती प्रयत्न केला असेल, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी ठरवले, कागदाने तोडले आहे तर कागदानेच जोडायचे.

मुकुटबन आमच्याकडून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. तिथे दोन दिवस घरोघर विचारत फिरलो. बाप कुठेतरी कामाला गेला तो परतलाच नव्हता. आई आजारी पडली तेव्हा थोरलीला संस्थेत पाठवले होते. धाकटी अंगावर पीत होती, म्हणून ती आईबरोबर दवाखान्यात गेली. आई तिथेच वारली. एवढे शेजाऱ्यांकडून कळले, पण समितीला लेखी पुरावा हवा होता. शेवटी अंगणवाडीच्या सेविकाबाईंनी लोखंडी पेटीतून जुने रजिस्टर काढले.

"हे पाहा साहेब, दोघी एकाच बाईच्या नावाखाली हायेत. मीच तर पोलिओचा डोस पाजला दोघीले." आईच्या नावापुढे माहेरचे आडनावही लिहिलेले होते, आणि छोटीच्या फायलीत तेच आडनाव होते. ग्रामसेवकाकडून नक्कल साक्षांकित करून घेतली आणि बाईंचा जबाब नोंदवला.

सर्वांत अवघड काम त्यानंतरचे होते. मी एकटा बोरी अरबला गेलो. घरधन्याने बसा म्हटले नाही.

"पोलिसाची गाडी दारात आली तेव्हा अख्खं गाव पाहून राह्यलं होतं साहेब. आता पोरगी नेली तं नेली. पुन्हा तमाशा नको."

"चूक माझी होती," मी म्हणालो. "शेजाऱ्याच्या एका शब्दावर मी तुम्हाला दोषी धरले. ते खरचटणे कशाचे, हेही तुम्हाला विचारले नाही."

"बकरीमागं धावताना पडली होती," बाई आतून म्हणाली.

मग मी बहिणींचे सगळे सांगितले. फोन कोणी केला तेही लपवले नाही. घरधनी संतापला. "तिच्यापायी आमची इज्जत गेली, अन् तिलेच घरात घेऊ?" बाई उंबऱ्यापर्यंत आली. नवऱ्याकडे पाहून ती म्हणाली, "तिच्या जागी तुमी असते तं काय केलं असतं? मी तं हेच केलं असतं." तो उठून गोठ्याकडे गेला. मी निघालो तेव्हा फाटकापाशी आला आणि म्हणाला, "कागद कवा करायचे ते सांगा."

कागदांना दोन महिने लागले. पुन्हा तपासणी, पुन्हा समितीसमोर हजेरी. प्रत्येक तारखेला मी हजर राहिलो. मोठीवर कारवाई का नको, असे वरिष्ठांनी विचारले, तेव्हा तिचा संपूर्ण जबाब आणि माझ्या अपुऱ्या तपासाची कबुली मी एकाच अहवालात पाठवली. समितीने बोरी अरबच्या घरासाठी आदेश दिला तो दोघींच्या नावाने.

त्यानंतर माझ्या हद्दीत कोणतेही मूल संस्थेतून घरी किंवा घरातून संस्थेत जायचे असले, की मी एक प्रश्न त्या मुलाला स्वतः विचारत असे: तू गेलास तर मागे कोण राहील? अनेकदा उत्तर येई, कोणी नाही. कधी एखादे नाव येई, आणि मग त्या नावामागे आम्हाला गावोगाव जावे लागे. हवालदार कुरकुरत, एवढा प्रवास कशासाठी म्हणत. मी त्यांना गाडीत बसायला सांगत असे.