सलाइनच्या स्टँडवरची पाटी

पंधराव्या वर्षी मला रक्ताचा कॅन्सर झाला, तोही दुर्मीळ प्रकारचा. त्यावर औषध काय, तर सोमल, म्हणजे चक्क आर्सेनिक! ते विष रोज माझ्या शिरेतून थेंबथेंब चढायचं. पण त्याहून जालीम होती माझी खडकीची आत्या. ती रोज नवा सल्ला घेऊन यायची: आज पपईच्या पानांचा रस, उद्या गव्हांकुर. शेवटी वैतागून मी सलाइनच्या स्टँडला पाटी लावली: ‘बाटलीत विष आहे. सल्ला देणाऱ्यास एक चमचा मोफत.’ आत्या तणतणत गेली आणि दुसऱ्या दिवशी निमूटपणे खीर घेऊन आली.

बरी होऊन घरी निघताना मी पाटी काढू लागले, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “राहू दे गं. पुढच्या पोरीलाही आत्या असेलच.”