नारळ फुटला आणि बोल्ट गंजले

चष्मा शोधताय ना? कपाळावर बघा. सापडला? आता वाचा. मला अक्षर येत नाही, मी बोलते नि धाकटी नात लिहिते. पण रस्ते मला तुमच्यापेक्षा बरे आठवतात.

थोरली नात स्नेहल चिखलीत लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचा गाळा चालवते. चाकणच्या एका कंपनीची पहिली ऑर्डर आली होती. माल पास झाला तरच पुढचं काम. हे ऐकून मी लातूरहून एसटीच धरली. पिंपरीत उतरून चिखलीला शेअर रिक्षा करा; एकट्यानं केलीत तर भाड्याचं आधी बोलून घ्या.

गाळ्यात पोचले तर कामावरच्या तुकारामभाऊंनी हौसेनं नारळ फोडलेला, तोही थेट ॲसिडमध्ये धुतलेल्या बोल्टांवर! धुतलेलं लोखंड म्हणजे न्हालेलं तान्हं बाळ, लगेच मुलाम्यात गुंडाळायला हवं. इथं आरती, पेढे सगळं झालं. तोवर बोल्टांवर तांबूस डाग.

"भाऊ, नारळाच्या पाण्यात खार असतो," स्नेहल म्हणाली.

"ताई, देवाचंच पाणी हाय की!"

"माल देव नाही, चाकणचा साहेब पास करणार," मी म्हटलं. भाऊंचा चेहरा एवढासा झाला.

स्नेहल मात्र चढ्या आवाजात बोलली नाही. "पुन्हा धुऊ," एवढंच. मुलामा देता देता मला सांगू लागली, "आजी, लोखंड, तांबं, निकेल, क्रोम एकाच कुळातली. लोखंडाला ओल लागली की गंज त्याला पोखरतो, तांबं हिरवं पडतं, क्रोम अंगावर पातळ कवच धरून बसतं. जस्त त्यांच्या शेजारचं. ओरखडा पडला तरी आधी स्वतः झिजतं, लोखंडाला वाचवतं."

"म्हणजे थोरली जाऊ."

"तुझी?"

"छे, माझी नव्हे!"

दुसऱ्या दिवशी टेम्पोनं चाकणला. सकाळीच निघा, आम्ही ट्रकांमागे अडकलो आणि टेम्पोतच वडापाव खाल्ले. कंपनीतल्या साहेबांनी थोडे बोल्ट मिठाच्या पाण्याचा फवारा मारणाऱ्या पेटीत ठेवले. "लाल डाग दिसला तर माल परत, मॅडम. निकाल फोनवर कळवू." सोबत आलेले भाऊ गेटबाहेरच उभे होते. त्यांनी चहाला हात लावला नाही.

मी लातूरला परतले, जीव मात्र त्या पेटीत. मग स्नेहलचा फोन आला. डाग नाही, पुढची ऑर्डर मिळाली! मागून भाऊ ओरडले, "आज्जी, आज नारळ उंबऱ्यावर फोडला!"

एवढ्या प्रवासातून मनात राहिलं ते हे, की पोरीनं त्या माणसाला एकदाही टोचलं नाही.

तिकडे कुणी जात असाल तर गाळ्यावर शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं न्या. लोणचं पत्र्याच्या डब्यात नको हं, काचेच्या बरणीत.